सुभेदाराचा हँडब्रेक

सातपूरच्या त्या गल्लीत जाऊन "चंद्रभागा सांगळे कुठं राहतात?" असं विचारलं, तर माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघतील. "ट्रकखाली दगड लावतात त्या बाई" असं विचारा, शेंबडं पोरसुद्धा हाताला धरून घरी नेऊन सोडील. ह्या ओळखीचा चंद्रभागेला भयंकर राग यायचा. आणि का येऊ नये? सिन्नरकडच्या खेड्यातून लग्न होऊन ती नाशकात आली, ती कारखान्यातल्या सुपरवायझरची बायको म्हणून. नवरा इस्त्रीचा शर्ट घालून पाळीला जायचा, सणासुदीला कारखान्याच्या बसमधून बायका-पोरं सहलीला जायची. सगळं कसं रांगेला लागलेलं होतं. आणि अर्धं आयुष्य सरल्यावर नशिबी काय आलं, तर मिलिटरीनं टाकून दिलेल्या ट्रकच्या चाकामागे दगड लावणं!

ट्रक आणला तिच्या नवऱ्यानं, वाल्मीकनं. ब्याण्णव-त्र्याण्णव सालची गोष्ट. कारखान्यानं लोकांना आपखुशीनं घरी बसा म्हणून सांगायला सुरुवात केली आणि हा पहिल्याच तुकडीत बाहेर पडला. चार शहाणी माणसं अशा वेळी पिठाची गिरणी टाकतात, रिक्षा घेतात, गावाकडची शेती बघतात. हा गेला देवळाली कॅम्पात लिलावाला. तिथं उन्हापावसात ओळीनं उभ्या असलेल्या जुन्या लष्करी गाड्यांत त्याला हे धूड दिसलं आणि गड्याचं भानच हरपलं. "चारही चाकं ओढतात गं! पुढचीसुद्धा!" घरी येऊन तो सांगत होता. "पेठच्या डोंगरात बैलगाडी जात नाय तिथं ही जाईल. तिकडचं गवत आणू, बांबू आणू. जिथं दुसऱ्याचा ट्रक जातच नाय, तिथला माल आपलाच की!"

बोलणं खोटं नव्हतं, हीच तर पंचाईत होती. साफ खोटं असतं तर चंद्रभागेनं पहिल्या महिन्यातच तो ट्रक भंगारात घालायला लावला असता.

गल्लीत गाडी आली त्या दिवशी बायका आरतीचं ताट घेऊन आल्या. शेजारच्या वत्सलाबाई चाकाशेजारी उभ्या राहिल्या, तर चाक त्यांच्या छातीला लागलं. "अगं बाई, ह्याला ओवाळायचं कुठं? ह्याचं तोंड कुठंय?" त्या म्हणाल्या. कोणीतरी त्या खाकी-हिरव्या रंगाकडे बघून "या सुभेदार!" म्हणालं आणि तेच नाव पडलं. पुढं तो रंग साध्या माणसाच्या गाडीला चालत नाही असं कळलं, म्हणून वाल्मीकनं सुभेदाराला निळा रंग फासला. पण सुभेदार काही रिटायर झाला नाही.

आणि मग सुरू झाल्या भानगडी. गाडीचे दिवे गेले म्हणून वाल्मीकनं नाशकातल्या द्वारका चौकातून नवे आणून लावले. भक्कन पेटले आणि गेले. दुसरे आणले, तेही गेले. दुकानदाराशी भांडून झालं, मग कळलं की गाडीची वीज चोवीस व्होल्टची आणि हे दिवे बारा व्होल्टचे! मग डावीकडचं चाक पंक्चर झालं. वाल्मीक पान्यावर उभा राहून नाचला, नट हलेना. शेवटी कडकन बोल्टच तुटला. द्वारकेजवळ सहादूचं गॅरेज होतं, त्याला बोलावलं. सहादू वाल्मीकपेक्षा आडदांड. त्यानं पान्याला लांबलचक पाइप जोडला आणि दुसरा बोल्ट तोडला. दोघांनी मिळून आधी आवळणाऱ्या जवानांना शिव्या घातल्या, मग सरकारला. चंद्रभागा चहा घेऊन आली तेव्हा ते तिसऱ्याला भिडले होते. मग कधीतरी सहादूला त्या बोल्टाच्या डोक्यावर कोरलेली खूण दिसली. डाव्या बाजूच्या चाकांना आटेच उलटे! दोघं घाम गाळून नट सोडवत नव्हते, आवळत होते. सहादू खाली बसला आणि पोट धरून हसला. वाल्मीक नाही हसला. त्यानं चहा थंड झाला म्हणून बायकोवर राग काढला.

सुट्या भागांचं तर बोलूच नका. दुसऱ्या गाडीचा पंप आणायचा, तो कानस मारून बसवायचा, चार दिवस चालवायचा, पाचव्या दिवशी पुन्हा खोलायचा. ह्यात कारखान्यातून मिळालेला पैसा तर गेलाच, रविवार गेले, सण गेले. चंद्रभागेच्या स्वयंपाकघरात तवा कमी आणि पाने जास्त झाले. एकदा तर भाकरीच्या पिठाच्या डब्यात बेअरिंग सापडलं. धूळ लागू नये म्हणून ठेवलं होतं म्हणे! हात टेकले बाईनं.

पण खरं दुखणं वेगळंच होतं. सुभेदाराला दोन बॅटऱ्या लागायच्या आणि त्यातली एक कायम मेलेली असायची. त्यामुळे सेल्फ मारला की नुसतं कण्हणं. मग वाल्मीकनं सोपी युक्ती काढली. गाडी बंद करायची तर उताराला तोंड करूनच करायची. पुन्हा निघताना ब्रेक सोडला की गाडी घरंगळते, गिअर टाकला की इंजिन सुरू. उतार नसेल तिथं इंजिन बंदच करायचं नाही, मग तासभर लागो की दिवसभर. आता उतारावर गाडी उभी करायची म्हणजे हँडब्रेक पाहिजे. आणि सुभेदाराच्या हँडब्रेकचा डबा नेमका गिअरबॉक्सच्या मागे. गिअरबॉक्समधून ऑइल गळायचं ते थेट त्या डब्यात. तेलात न्हालेला ब्रेक कोणाला धरणार, डोंबल? आरटीओच्या पासिंगच्या आदल्या दिवशी वाल्मीक तो डबा खोलून धुवायचा, कचकचून आवळायचा. पासिंगपुरतं काम व्हायचं, आणि घरी येईतो दांडा पुन्हा लुळा.

म्हणून दगड. गाडी थांबली की क्लीनरनं खाली उडी मारायची आणि चाकाला दगड लावायचा. पण क्लीनर टिकेल तर ना! वाल्मीकची सुपरवायझरकी गेली, पण तोंड गेलं नव्हतं. एक क्लीनर सांगून गेला, एक न सांगता गेला, भिका नावाचा एक तर पेठच्या बाजारात चहा पितो म्हणून उतरला तो एसटीनं घरी गेला. एका सकाळी डोंगरात गवत बांधून तयार, गाडी तयार, आणि क्लीनर नाही. वाल्मीक दारात येऊन म्हणाला, "आजच्या दिवस तू चल ना गं. नुसता दगड तर लावायचाय."

त्या आजच्या दिवसाला आठ-नऊ वर्षं झाली.

दगडसुद्धा तिनं स्वतःचा केला. लग्नात आईनं दिलेलं जातं होतं. गावाकडून ते ह्याच ट्रकमधून आणताना फळीवरून घसरलं आणि त्याची तळी फुटली. चंद्रभागा दोन दिवस जेवली नाही. मग त्यातला एक तुकडा तिनं उचलला. एका बाजूनं जाड, एका बाजूनं निमुळता, चाकाखाली असा चपखल बसायचा की बघत राहावं. तो गोणपाटात गुंडाळून ती आपल्या सीटखाली ठेवायची. दसऱ्याला वाल्मीक गाडीला झेंडूचा हार घालायचा, आणि ही गुपचूप त्या तुकड्याला हळदकुंकू लावायची. आईची आठवण म्हणा, भीती म्हणा.

भीती वाटायचीच. दगड नुसता टाकून भागत नाही, चाकाच्या पोटात सारावा लागतो. वरून वाल्मीक ओरडायचा, "आणखी आत! आणखी! हां, सोडू का?" मग तो ब्रेक सोडायचा आणि ते सगळं ओझं कण्हत त्या दगडावर बसायचं. हात वेळेवर निघाला तर निघाला. ती खालूनच ओरडायची, "आधी हँडब्रेक करून घ्या!" वरून उत्तर यायचं, "काय?" "हँडब्रेक!" "हां हां, लागला का दगड?" इंजिन धडधडतंय, ह्याच्या कानात काय शिरणार? घरी बोलावं तर दिवसभर त्या इंजिनाशेजारी बसून कान बधिर झालेले. "करू की," म्हणायचा आणि घोरायला लागायचा. एकदा सहादूनं भर गॅरेजात विचारलं, "सांगळे, हँडब्रेक कधी करायचा?" तर हा बायकोकडे बोट दाखवून म्हणतो, "हा काय, आहे ना! ह्याला ना ऑइल लागतं ना लायनर." गॅरेज हसलं. चंद्रभागेनं त्याच दिवशी घरखर्चाला ठेवलेल्या पैशांतून सहादूकडून हँडब्रेकचे नवे लायनर लावलेले ब्रेक-शू आणि तेलाची गळती थांबवणारं ऑइल सील विकत घेतलं, कागदात बांधून आणलं आणि नवऱ्याच्या पुढ्यात ठेवलं. "घ्या, आता तरी बसवा." वाल्मीकला आधी बसवलेला पंप पुन्हा खोलायचा होता, मग स्प्रिंगचं पान बदलायचं होतं, मग पावसाळा आला. ते पुडकं गोणपाटातल्या दगडाशेजारी जाऊन पडलं. दोन दिवाळ्या गेल्या, ते तिथंच.

आणि मग त्या वर्षीची दिवाळी झाली, डोंगरातलं गवत वाळलं, आणि सुभेदार पेठच्या पुढं पुंजाच्या पाड्यावर निघाला.

पुंजा आणि त्याची बायको भागीबाई ही तिथली जुनी माणसं. भात-नागलीची शेती, आणि हंगाम संपला की गवत कापून पेंढ्या बांधून ठेवायचे. त्यांच्या पाड्यावर फक्त सुभेदारच पोचायचा. सडकेपासून एक कच्चा, अरुंद उतार सरळ खाली यायचा तो थेट भागीबाईच्या अंगणात. दोन्ही बाजूंना भाताची खाचरं, इकडं-तिकडं वळायची सोय नाही.

सकाळी खाली उतरताना मध्येच एक बैलगाडी आडवी आली. "दगड लाव!" वाल्मीक ओरडला. चंद्रभागा उतरली, वाकली, दगड सारला. "सोडू का?" असं विचारायचंसुद्धा त्याला त्या दिवशी सुचलं नाही. ब्रेक सुटला. तिनं हात ओढला, पण एक बोट राहिलंच. नख काळंनिळं झालं, रक्त आलं, डोळ्यांपुढं अंधारी आली. वाल्मीकनं खिडकीतून डोकं काढून बघितलं आणि म्हणाला, "जरा बघून लावत जा की."

बस! बैलगाडी गेली, ती वर चढली, सुभेदार अंगणात उतरला. सपाटीला उभा असल्यामुळे इंजिन धडधडतच ठेवलं. गवत भरायला दुपार झाली. चंद्रभागेनं सीटखालून गोणपाट काढलं, आईच्या जात्याचा तुकडा दुखऱ्या हातानं छातीशी धरून अंगणाच्या कडेला आणला, तिथं मांडला आणि त्यावर बसली.

"चल, निघायचंय," वाल्मीक म्हणाला.

"जा तुम्ही. मी नाय येत."

"काय?"

ती उठली, त्याच्या कानाशी गेली आणि सगळ्या पाड्याला ऐकू जाईल अशी ओरडली, "हँडब्रेक झाल्याशिवाय मी त्या गाडीत पाय ठेवणार नाय!"

पुंजाची माणसं बघायला लागली. वाल्मीकचा चेहरा लालबुंद झाला. "नको येऊस!" तो म्हणाला. "तुझ्यावाचून काय अडलंय का माझं? ये चालत सडकेपर्यंत!" आणि धाडकन दार लावून गेला. पुंजा आणि गडी वरच्या माळावर राहिलेलं गवत आणायला निघून गेले.

भागीबाईनं तिच्या बोटाला हळद लावली, चिंधी बांधली, कोरा चहा दिला. "बैल बरा गं बाय," ती म्हणाली. "थांब म्हटलं का थांबतो तरी." चंद्रभागेला हसू आलं आणि हसता हसता रडूच फुटलं. रडली ती मोकळेपणानं. इतक्या वर्षांचा साठा होता.

सुभेदार गवताचा डोंगर घेऊन धूर सोडत उतार चढत होता. अर्ध्यावर गेला असेल नसेल, इंजिनानं दोन आचके दिले आणि बंद पडलं. सकाळपासून उभ्या उभ्या धडधडून डिझेल तळाला गेलेलं. चढावर जे काही होतं ते टाकीच्या मागच्या अंगाला गेलं आणि नळीत हवा शिरली. कॅनमध्ये डिझेल होतं. ते ओतायचं, बॉनेट उघडून हातपंपानं हवा काढायची, की झालं. पण त्यासाठी उतरायला नको का? सवयीनं वाल्मीक ओरडला, "दगड लाव!"

डोंगरात चिटपाखरू नव्हतं. "दगड लाव" समोरच्या डोंगरावर आदळून परत आलं.

खाली दोघी बायकांनी ऐकलं. "बसू दे तसाच," चंद्रभागा म्हणाली आणि चहाचा घोट घेतला. तिला माहीत होतं, आत्ता त्याचा पाय ब्रेकवर आहे. गिअरमध्ये टाकून उतरावं तर ताण आला की ह्या गाडीचा गिअर आपोआप निसटतो, हे जुनंच दुखणं. हँडब्रेकचं तर नावच नको. म्हणजे पाय उचलायचा नाही. बसा म्हणावं, आठ-नऊ वर्षं मी वाकले, तुम्ही तासभर बसा. तिला मनापासून बरं वाटलं. खोटं कशाला बोला?

मग भागीबाई हळूच म्हणाली, "गं बाय, गाडी मागं येते."

खरंच. ब्रेकचं पेडल दाबून धरलं तरी हळूहळू खाली बसत होतं. गाडी वीतभर मागं सरकायची, वाल्मीक पेडल पुन्हा मारायचा, गाडी थांबायची, पुन्हा वीतभर सरकायची. आणि उताराच्या तोंडाशी होतं भागीबाईचं घर. ओटीवर तिची आंधळी सासू नातवाला घेऊन बसली होती.

चंद्रभागेनं हातातला चहा फेकून दिला. "म्हातारीला काढा आधी!" ती ओरडली. दोघींनी म्हातारीला आणि पोराला उचलून खाचराच्या बांधावर नेलं, शेळ्या सोडल्या. मग जात्याचा तुकडा दोघींनी दोन बाजूंनी धरला आणि उतार चढायला लागल्या. धाप लागली, बोट ठणकत होतं, तोंडानं ती सुभेदाराला, लिलावाला, देवळाली कॅम्पाला आणि स्वतःच्या बापाला शिव्या घालत होती, ज्यानं स्थळ बघताना मुलगा शांत आहे म्हणून सांगितलं होतं.

चाकाशी पोचल्याबरोबर तिचे हात आपोआप खाली गेले. आणि तिथंच ती थांबली. आज लावला की उद्या लावायचा. उद्या लावला की मरेपर्यंत लावायचा. हा माणूस खाली उतरला की सगळं विसरणार, "करू की" म्हणणार. तिला तो "करू की" आत्ताच ऐकू आला.

"दे, मी लावते," भागीबाई म्हणाली.

"नाय. ज्याची गाडी त्यानं लावायचा."

ती डाव्या दारानं चढली आणि आत सरकली. वाल्मीकचा चेहरा घामानं निथळत होता, मांडी थरथरत होती. "अगं, दगड खाली ठेवून वर काय आलीस? लाव ना!" तो म्हणाला.

"माझा हात चालत नाय." तिनं चिंधी बांधलेलं बोट त्याच्या डोळ्यांपुढं धरलं. "ब्रेक मी धरते. तुम्ही उतरा."

"तुला जमायचं नाय."

"तुमचा पाय आणखी किती वेळ जमेल?"

तिनं चपला काढल्या, एका हातानं स्टिअरिंग धरलं आणि दोन्ही पाय त्याच्या पायावर रोवून उभी राहिली. त्यानं हळूच आपला पाय काढून घेतला. गाडी किंचित मागं गेली. भागीबाई खालून किंचाळली. चंद्रभागेनं पेडल एकदा मारलं, दुसऱ्यांदा मारलं, आणि सुभेदार थांबला.

वाल्मीक खाली उतरला. इतक्या वर्षांत मागच्या चाकाशी तो पान्याशिवाय कधी गेलाच नव्हता. छातीएवढं चाक, वर गवताचं ओझं, आणि आपण त्याच्या खालच्या अंगाला वाकलेले. त्यानं दगड ठेवला, तो चाकापासून हातभर लांब.

"आणखी आत!" वरून आवाज आला.

त्यानं सरकवला.

"आणखी! पातळ बाजू चाकाकडं करा, जाड नाय! हां. सोडू का?"

"थांब!" वाल्मीक ओरडला. "थांब, थांब, चंद्रा, माझा हात आत हाय!"

"मग काढा की. मी कुठं सोडलाय?"

त्यानं दगड फिरवला, चाकाच्या पोटात सारला आणि हात काढून छातीशी धरला. "सोड," तो म्हणाला. तिनं पाय हळूहळू सैल केला. सगळं ओझं कण्हत दगडावर बसलं आणि थांबलं. भागीबाईनं मग बांधावरचे धोंडे आणून बाकीच्या चाकांमागं रचले. वाल्मीकनंही रचले, न सांगता.

इंजिन बंद होतं. खालच्या शेळ्यांचं ओरडणंसुद्धा ऐकू येत होतं. वाल्मीक ड्रायव्हरच्या दाराखाली येऊन उभा राहिला. तळहात मातीनं भरलेले, ओठ पांढरे पडलेले.

"दर वेळी असं व्हायचं तुला?" त्यानं विचारलं.

"कसं?"

"म्हणजे... हात आत असताना. पोटात खड्डा पडल्यावाणी."

"दर वेळी."

"मग बोलली नाहीस ती कधी?"

चंद्रभागेनं त्याच्याकडे बघितलं. रागवावं की काय करावं तिला कळेना.

"बोलतच होते की," ती म्हणाली. "तुम्ही इंजिन बंद कधी केलंत?"

वाल्मीकनं तिच्या चिंधी बांधलेल्या बोटाकडे बघितलं. तिला वाटलं, आता कॅन काढील, हवा काढील, "चला, उशीर झाला" म्हणेल. त्यानं कॅन नाही काढला. तो डाव्या दाराकडून चढला आणि तिच्या सीटखाली हात घातला. ते पुडकं तिथं असतं हे त्याला माहीत होतं म्हणजे. त्यानं ते काढलं, वरचा कागद फाडला, लायनर बोटानं चाचपले, पाने घेतले आणि गोणपाट अंथरून गाडीखाली शिरला.

"आत्ता? इथं?" तिनं वरून विचारलं.

"इथंच," खालून आवाज आला. पान्याचा खणखणाट सुरू झाला. मग तो थांबला. "चंद्रा, ब्रेक धरशील ना?"

चाकांमागं सगळीकडे धोंडे होते, आणि आईच्या जात्याचा तुकडा असा बसला होता की दहा सुभेदार आले तरी हलला नसता. तिनं तरी दोन्ही पाय पुन्हा पेडलवर रोवले.

"धरलाय," ती म्हणाली. "करा तुम्ही सावकाश."